पेनड्राइव्ह लिहू देत नाही? आधी नकार नीट वाचा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून आपल्यापैकी काहींनी धडधाकट जुना लॅपटॉप भंगारात न घालता त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकलं. चांगलं केलंत. पण मग पेनड्राइव्ह किंवा बाहेरची हार्ड डिस्क जोडली की एक अडचण कधीकधी येते. फोटो दिसतात, फाइली उघडतात, पण नवीन काही ठेवू म्हटलं की लिनक्स ठाम नकार देतं. शेजारचा जाणकार लगेच सांगतो, ‘सुडो लावून ट्रिपल सेव्हन देऊन टाक.’ कळकळीची विनंती आहे, तसं करू नका. सुडो म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने कमांड चालवणं आणि ट्रिपल सेव्हन म्हणजे चमॉड कमांडने त्या फाइली कुणालाही वाचायला, बदलायला आणि चालवायला मोकळ्या करणं. शिवाय बऱ्याच वेळा त्याने मूळ दुखणं जातही नाही.

नकार दोन प्रकारचा असतो. ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर ड्राइव्हवर लिहिता येतंय, फक्त तुम्हाला तो हक्क नाही. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ आलं, तर लिनक्सने अख्खा ड्राइव्हच फक्त वाचण्यापुरता उघडलाय आणि तिथे हक्क वाटून काहीही होणार नाही. नकार कोणता ते कळलं की टर्मिनलमध्ये एलएसबीएलके ही कमांड वजा-एफ जोडून चालवा. ड्राइव्हची फाइल सिस्टिम कोणती आणि तो कोणत्या फोल्डरवर जोडलाय, हे ती दाखवते. उबुंटूवर हा फोल्डर बहुधा ‘मीडिया’मध्ये तुमच्या नावाखाली असतो, फेडोरावर ‘रन’मधल्या ‘मीडिया’त.

फाइल सिस्टिम ईएक्सटी-४ असेल, तर प्रश्न मालकीचा. ही फाइल सिस्टिम मालकाचं नाव साठवत नाही, आकडा साठवते. उबुंटूवर पहिल्या वापरकर्त्याला १००० मिळतो, दुसऱ्याला १००१. घरच्या लॅपटॉपवर तुम्ही १००० आणि ऑफिसच्या मशीनवर १००१ असाल, तर तुमचाच ड्राइव्ह तिथे तुम्हाला परका समजतो. सुडो वापरून नुकताच फॉरमॅट केलेला ड्राइव्ह तर सहसा रूटच्याच, म्हणजे प्रशासकाच्या खात्याच्या, नावावर असतो. इथे मालकी बदलणारी चोन ही कमांड खरी कामाची: सुडो, चोन, मग वजा-कॅपिटल-आर, तुमचं यूजरनेम आणि शेवटी ड्राइव्ह जोडलेल्या फोल्डरचा पाथ. हा पाथ हाताने टाइप करू नका, टॅब दाबून पुरा करून घ्या. सुरुवातीच्या तिरक्या रेषेनंतर चुकून एक स्पेस पडली, तर मालकी पेनड्राइव्हची नाही, सगळ्या सिस्टिमची बदलायला लागते, आणि मग बहुधा लिनक्स नव्यानेच टाकावं लागतं. एंटर दाबण्याआधी ती ओळ पुन्हा एकदा वाचा.

फॅट-३२ आणि एक्सफॅट यांत लिनक्सच्या पद्धतीची मालकी साठवायला जागाच नसते. तिथे चोन आणि चमॉड व्यर्थ. ड्राइव्ह जोडतानाच मालक ठरतो आणि फाइल मॅनेजरमधून जोडलात तर तो तुम्हीच असता. कोणता ड्राइव्ह कुठे जोडायचा हे लिहिलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये तुम्ही स्वतः त्या ड्राइव्हची ओळ घातली असेल आणि तीत यूआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा तो आकडा, दिला नसेल, तर सगळं रूटच्या नावावर जातं. ओळीत तुमचा यूआयडी घाला, नाहीतर ती ओळच काढून टाका.

आता ‘रीड-ओन्ली’. एनटीएफएसच्या हार्ड डिस्कबाबत संशय आधी विंडोजवर घ्या. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउन पूर्ण होत नाही. सिस्टिमचा काही भाग हायबरनेट होतो आणि डिस्क अर्धवट अवस्थेत राहते. अशा डिस्कवर लिनक्सने लिहिलं तर फाइली खराब होतील, म्हणून तो नकार असतो. तो जबरदस्तीने मोडू नका. डिस्क विंडोजला जोडा, चेकडिस्क चालवा, शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, मग लिनक्सवर आणा. एनटीएफएसफिक्स नावाची कमांड लिनक्सवर मिळते, पण ती किरकोळ दुरुस्तीच करते. चेकडिस्कची जागा ती घेऊ शकत नाही.

फॅटच्या पेनड्राइव्हवर मध्येच लिहिणं बंद झालं, तर सुडो लावून डीमेसेज ही कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड चालवा आणि शेवटच्या ओळी पाहा. फाइल सिस्टिममध्ये चूक सापडली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती फाइल सिस्टिम स्वतःहून रीड-ओन्ली करतो. आधी सगळा डेटा दुसरीकडे कॉपी करा, मगच दुरुस्ती. एसडी कार्ड असेल तर अडॅप्टरच्या कडेचं छोटं लॉक सरकलंय का, तेही बघा. आणि ड्राइव्ह प्रत्येक कॉम्प्युटरवर रीड-ओन्लीच उघडत असेल, तर बहुधा त्यातली फ्लॅश मेमरी झिजली आहे. त्याला दुरुस्ती नाही. वाचता येतंय तोवर त्यातलं काढून घ्या.

यातला बराच त्रास ड्राइव्ह उपटून काढल्यामुळे होतो. कॉपीची पट्टी पूर्ण झाली, तरी लिनक्सने काही डेटा अजून मेमरीतच ठेवलेला असू शकतो. इजेक्ट दाबा आणि ड्राइव्ह काढायला हरकत नाही असं दिसेपर्यंत थांबा. घरातल्या मुलांनाही हे शिकवा. आणि ज्या फोटोंची, कागदपत्रांची एकच प्रत पेनड्राइव्हवर आहे, त्यांची दुसरी प्रत आजच काढून ठेवा.