यंत्र एकाचे, रान साऱ्या गावाचे



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या शेतकी विभागाकडे दोन तऱ्हेचे सभासद येतात. पहिले विचारतात, "साहेब, आमची तोड कधी?" दुसरे विचारतात, "साहेब, पोराला कायतरी धंदा सुचवा." पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत सापडते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक सभासदांच्या स्वतःच्याच रानात पडलेले असते, आणि तोड झाल्यावर चार-आठ दिवसांत आपण त्याला काडी लावतो. आम्ही पाचटाविषयी बोलत आहोत. पण आजचा आमचा मुद्दा पाचट जाळू नका एवढाच नाही. तो उपदेश आपण पुष्कळ ऐकला आहे. पाचट न जाळता खोडवा नीट राखून देणे हा गावातल्या एखाद्या होतकरू मुलाचा बारमाही धंदा होऊ शकतो, तो कसा उभा राहावा आणि त्यात आपली सर्वांची जबाबदारी कोणती, हे मांडावयाचे आहे.

प्रथम काम समजून घेऊ. एका एकरातून साधारण तीन ते चार टन पाचट निघते. त्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास नत्र असते, म्हणजे एकरी जवळजवळ एका युरियाच्या गोणीइतके नत्र आपण धुराबरोबर सोडून देतो. पालाश त्याहून जास्त असते. सेंद्रिय कर्ब जातो तो वेगळाच, आणि तो कुठल्याच दुकानात गोणीत मिळत नाही. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राची शिफारस जुनीच आहे: पाचट सरीत बसवावे, बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे, आणि खत पहारीने भोक पाडून दोन हप्त्यांत द्यावे, पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत, दुसरा साडेचार महिन्यांच्या सुमारास. हे सर्वांना पाठ आहे. मग होत का नाही?

होत नाही याचे कारण अज्ञान नव्हे. मजूर मिळत नाही, आणि मिळाला तर वेळेवर मिळत नाही, हे खरे कारण आहे. टोळी गेली की पाण्याची पाळी येते, पाळी चुकली तर पुढची कधी ते कोणी सांगावे? मग एक काडी, आणि रान मोकळे. माणूस आळसाने जाळत नाही, घाईने जाळतो. घाईला उत्तर उपदेशाने मिळत नाही. तोड झाल्याच्या चौथ्या दिवशी ट्रॅक्टर आणि कुट्टी यंत्र बांधावर येऊन उभे राहिले, तर मिळते.

येथेच आपले बरेच सभासद एक वाट धरतात जी आम्हांस पसंत नाही. शेजाऱ्याने यंत्र आणले म्हणून आपणही आणावयाचे. हिशेब सोपा आहे, तो करून पाहू. समजा यंत्र दोन लाखांना पडले आणि पाच हंगाम चालले. दर हंगामाची झीज ४० हजार. व्याज दहा टक्के धरले तर पहिल्या वर्षी २० हजार. म्हणजे यंत्र चालो वा शेडात उभे राहो, ६० हजार रुपये पहिल्या वर्षी गेलेच. स्वतःच्या सहा एकरांवरच ते फिरवले तर एकरी दहा हजार बसले. तेवढ्यात खोडव्याचा नफा संपला. तेच यंत्र ६० एकरांवर फिरले तर एकरी हजार, आणि १५० एकरांवर फिरले तर एकरी चारशे. डिझेल, ड्रायव्हरचा रोज आणि पाती यांचा खर्च त्यावर वेगळा. यंत्र तेच, कर्ज तेच. फरक फक्त किती रानांत फिरले याचा. लहान शेतकऱ्याला एकट्याने साखर कारखाना काढता येत नव्हता म्हणून तर पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकाराची वाट दाखविली. तोच विचार गावपातळीवर आणला की उत्तर मिळते: दहा दारांत दहा यंत्रे उभी करण्याऐवजी एकाने यंत्र घ्यावे आणि गावाने त्याला काम द्यावे.

आता जो हा धंदा करू म्हणतो त्याच्यासाठी चार गोष्टी.

पहिली गोष्ट, सुरुवात घरच्या ट्रॅक्टरवर करावी. पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर दारात असेल तर फक्त कुट्टी यंत्र आणि बुडखे छाटणीचे अवजार लागते. ट्रॅक्टरही नवा, यंत्रही नवे आणि दोन्ही कर्जाने, ही सुरुवात नव्हे, हा जुगार आहे. कृषी यांत्रिकीकरणाच्या उप-अभियानात २०१४-१५ पासून अवजारांना व अवजारे बँकेला अनुदान मिळते. ते जरूर घ्यावे. पण पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय खरेदी करू नये, आणि अनुदान खरेदीनंतर खात्यावर येते हे ध्यानात ठेवून पैशाची तजवीज करावी. अनुदान आहे म्हणून धंदा काढू नये. गावात काम आहे का ते आधी पाहावे.

दुसरी गोष्ट, काम कोठे आहे हे तोडणी कार्यक्रम सांगतो. कोणाचा प्लॉट कोणत्या पंधरवड्यात तुटणार हे गट ऑफिसात आणि चिटबॉयकडे असते. ज्याच्याजवळ ही यादी आहे त्याला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागत नाही. तोडीच्या आधीच सभासदाला भेटून दिवस ठरवावा. ट्रॅक्टर रस्त्यावर पळतो तेव्हा डिझेल जळते पण मोबदला मिळत नाही, म्हणून एका शिवारातले लागोपाठचे प्लॉट एकदम धरावेत. पाच मैलांवरच्या दोन एकरांपेक्षा शेजारचा अर्धा एकर बरा. आणखी एक: १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये अशी शिफारस आहे. म्हणजे या धंद्याची खरी सुगी ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच. एवढ्या काळात यंत्र मोडून आठ दिवस उभे राहिले तर वर्षाची कमाई बुडाली. म्हणून पाती, बेल्ट, बेअरिंग यांचा एक जादा जोड घरात असावाच, आणि सप्टेंबरातच यंत्र उघडून, ग्रीस भरून तयार ठेवावे.

तिसरी गोष्ट, काम चोख पाहिजे. सकाळी दवाने ओले पाचट यंत्राला गुंडाळते, म्हणून ऊन चढल्यावर सुरू करावे. रान ओले असताना ट्रॅक्टर घातला की चाकाखाली बुडखा दबतो आणि तिथे फुटवा येत नाही. अशा वेळी मालकाने कितीही आग्रह केला तरी "दोन दिवस थांबा, अण्णा" म्हणता आले पाहिजे. ठिबकच्या नळ्या गुंडाळून घेतल्याशिवाय रानात शिरू नये, आणि व्हॉल्व्हजवळ काठ्या रोवून घ्याव्यात. एक नळी कापली गेली की पाच चांगल्या एकरांचे नाव जाते. तीन फुटी सरीत मोठा ट्रॅक्टर बसत नाही, तेथे नाही म्हणावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, पी.टी.ओ. शाफ्टवरचे कव्हर कधी काढू नये, मफलर किंवा सैल कपडे घालून जवळ जाऊ नये, अडकलेले पाचट यंत्र चालू असताना हाताने ओढू नये. कामाची घाई असते. पण तुटलेला हात पुढच्या हंगामात फुटत नाही.

चौथी गोष्ट, वाढावे पण हिशेबाने. दर एकरावर ठरवावा, तासावर नको. तासावर ठरला की बांधावर वाद ठरलेला. वहीत तारीख, गट नंबर, क्षेत्र, डिझेल आणि येणे हे पाच रकाने रोज भरावेत. फेब्रुवारीनंतर यंत्र रिकामे राहते, म्हणून दुसरी सेवा जोडावी, पण ती त्याच गिऱ्हाइकाची, त्याच रानातली असावी. ज्याच्या खोडव्याची कुट्टी केली त्यालाच पुढे पहारीने खत देणारी टोळी पुरवावी, फवारणी करून द्यावी, ठिबकची दुरुस्ती करावी, उन्हाळ्यात नांगरट करावी. एक डोळ्याची रोपे तयार करून देणे हीसुद्धा अशीच सेवा आहे. पाच फूट बाय दोन फूट लागणीला एकरी ४,३५६ रोपे लागतात, म्हणजे ४२ कप्प्यांचे सुमारे १०४ ट्रे. महिनाभरात रोप लागणीला येते आणि घरच्या बायाबापड्यांनाही सावलीत काम मिळते. पण दुसरे यंत्र, पहिले पूर्ण फिटल्याशिवाय आणि पहिल्यावर काम मावेनासे झाल्याशिवाय घेऊ नये. एक मोठा धंदा एकदम काढणाऱ्यापेक्षा एकाच रानाला चार कामे पुरविणारा टिकतो, असे आमचे मत आहे.

इथपर्यंत मुलांना सांगून झाले. आता वडीलधाऱ्या सभासदांशी स्पष्ट बोलावयाचे आहे, राग मानू नये.

गावातला असा धंदा यंत्र मोडून बुडत नाही, उधारीने बुडतो. "बिल निघाल्यावर देतो." मग पहिला हप्ता सोसायटीत जातो, दुसरा लग्नात, आणि कुट्टीवाला दारात आला की "अरे, भावकीतला ना तू?" भावकीतला आहे म्हणूनच तो शब्द काढत नाही. त्याच्या कर्जाचे हप्ते मात्र भावकी बघत नाहीत. दोन हंगामांत तो यंत्र विकतो आणि आपण म्हणतो, "आजकालच्या पोरांत दम नाही." दम त्यांच्यात आहे, येणे आपल्याकडे अडकले आहे.

आपल्या खेड्यांना सेवा पोसता येत नव्हती असे नाही. लोहार, सुतार वर्षभर नांगर-कुळव भरून देत आणि खळ्यावर रास पडली की धान्य घरी जाण्याआधी त्यांचे बलुते बाजूला निघे. त्या पद्धतीत माणूस जातीला जखडलेला होता आणि बलुतेदाराला मान नव्हता. ती मोडली ते योग्यच झाले. पण सेवा करणाऱ्याचा वाटा आधी काढावयाचा, मग रास घरी न्यावयाची, एवढी एक गोष्ट त्यात खरी होती आणि तेवढीच आपण विसरलो.

काही सभासद म्हणतात, कारखान्यानेच दहा यंत्रे घ्यावीत आणि फुकट फिरवावीत. मागणी ऐकावयास गोड आहे. पण फुकट यंत्राची पाळी आधी कोणाची, यावर गावोगाव तट पडतील. आणि रात्री नऊला बेअरिंग तुटले तर सकाळी ते बसविण्याची तळमळ ज्याचे कर्ज त्याला असते, ती पगारी खात्याला असणे कठीण. फुकट म्हणजे अखेर आपल्याच उसाच्या दरातून. कारखान्याचे काम वेगळे असावे, असे आम्हांस वाटते. तोडणी कार्यक्रमाची यादी दर आठवड्यास सेवा देणाऱ्याला मिळावी. त्याला शेतकी विभागाने हंगामाआधी प्रशिक्षण द्यावे. दर हंगामाच्या तोंडाशी गटवार बैठकीत दोन्ही बाजूंनी बसून ठरवावा. आणि ज्या सभासदाने लेखी संमती दिली असेल, त्याच्या पहिल्या ऊस बिलातून कुट्टीची रक्कम कापून थेट त्या मुलाच्या खात्यावर जमा व्हावी. संमती ऐच्छिक असावी, सक्ती नको. या सूचनेचा संचालक मंडळाने विचार करावा अशी आमची नम्र विनंती आहे. एवढ्या एका कागदाने कुट्टीवाल्याचे येणे सुरक्षित होईल, बँकही त्याला दारात उभे करील, आणि कारखान्याला चांगल्या खोडव्याचे टनेज मिळेल. खोडव्याचे क्षेत्र राज्यातल्या एकूण उसाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे. ते हेळसांडीत ठेवून लागणीच्या उसावर कितीही खर्च केला तरी सरासरी वर येणार नाही.

मंडळ निर्णय घेईल तेव्हा घेईल. तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करावे. ज्या मुलांना हा धंदा करावयाचा आहे त्यांनी आपला ट्रॅक्टर किती अश्वशक्तीचा आणि गावात तोडीला किती एकर येणार याची टिपणे घेऊन गट ऑफिसात भेटावे. हिशेब आम्ही समोर बसून मांडून देऊ, आणि जमत नसेल तर तेही सांगू. ज्यांच्या रानात कुट्टी होणार आहे त्यांनी तोडीच्या आधी पैसे बाजूला काढून ठेवावेत. काम पाहावे, बुडखे जमिनीलगत छाटले आहेत का ते वाकून पाहावे, चुकले असेल तर परत करून घ्यावे, आणि बांधावरच पैसे मोजावेत. गावचा मुलगा गावात टिकवावयाचा असेल तर याहून मोठे भाषण लागत नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग