पऱ्हाटीतले डिझेल आणि शेतकऱ्याचा हिशेब

पौष-माघात चांदूर रेल्वेहून धामणगावकडे जाताना दोन्ही अंगांच्या धुऱ्यांवर उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग दिसतात. त्यांतले काही चुलीत जातात, पुष्कळसे जागीच पेटविले जातात. या काडीकचऱ्यातून साखर, त्या साखरेवर पोसलेल्या यीस्टमधून तेल आणि त्या तेलातून बायोडिझेल निघू शकते, हे प्रयोगशाळेपुरते तरी सिद्ध झालेले आहे. तेव्हा आता हिशेब मांडण्यास हरकत नसावी.

पाव फुगविणारे यीस्ट सर्वांच्या परिचयाचे. त्याच्या काही भाईबंदांना मात्र एक विलक्षण खोड असते. साखर मुबलक आणि नत्र अपुरे, अशी अवस्था आली की त्यांची वाढ खुंटते आणि अंगात चरबी साठू लागते. कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल त्यांच्यात भरू शकते. पहिल्या महायुद्धात स्निग्ध पदार्थांना मुकलेल्या जर्मनीने हा मार्ग चाचपून पाहिला होता. आपल्याकडे पुणे विद्यापीठातील अमिता रविकुमार, स्मिता झिंजार्डे प्रभृतींनी मुंबईच्या समुद्रातून मिळालेल्या अशाच एका यीस्टच्या तेलाची बायोडिझेलच्या दृष्टीने तपासणी केली. त्यांचा निबंध २०१२ साली प्रसिद्ध झाला. वापरून टाकलेल्या तळणतेलावरही हे यीस्ट पोसता येते, ही त्यातली विशेष उपयोगाची गोष्ट.

आता व्यवहाराकडे वळू. १०० किलो साखरेतून तत्त्वतः ३२ किलोंच्या आसपास तेल मिळावे. प्रत्यक्षात २० किलो मिळाले तरी ते उत्तम समजले जाते. म्हणजे किलोभर तेलाला ५ किलो साखर. ४० रुपये भाव धरला तर नुसत्या साखरेचेच २०० रुपये होतात, आणि पंपावर डिझेल ९० रुपयांच्या आसपास विकले जाते! साहजिकच शास्त्रज्ञांची दृष्टी पऱ्हाटीकडे वळते. एक टन पऱ्हाटीतून अर्धा टन साखर सुटते, असे उदारपणे धरू. त्यातून १०० किलो तेल, म्हणजे सुमारे ११० लिटर इंधन. करांसकट किंमत १० हजार रुपयांच्या आत. यातून वेचणी, कुटणी, वाहतूक, काष्ठातील साखर सोडविणारी आम्ले व विकरे, वीज, मिथेनॉल आणि भांडवलावरील व्याज वजा व्हायचे. उरेल ते पऱ्हाटीच्या मालकाचे, असा व्यवहार आजवर कोणत्या कारखान्याने केला आहे?

ही शंका उगाच नाही. मोगली एरंडाचे स्वप्न आपण पाहिले आहे. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. बी पुरेसे आले नाही, भाव परवडला नाही, आणि २०१८ च्या धोरणात बायोडिझेलपुरते ते २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आले. इथेनॉलची गाडी मात्र धावली. तिच्यामागे उभे साखर कारखाने होते आणि सरकारने आधी जाहीर केलेला खरेदीभाव होता. यीस्टच्या तेलामागे आज यांपैकी काहीही नाही.

तथापि हा विषय मोडीत काढावा, असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात जो हाहाकार केला, तो विसरता येण्याजोगा नाही. हंगाम संपताच पऱ्हाटी शेताबाहेर काढावी, असा कृषी खात्याचा उपदेश दरवर्षी असतो. उपटणीची मजुरी मात्र शेतकऱ्यानेच सोसायची. पऱ्हाटीला किंमत आली तर हा उपदेश आपोआप पाळला जाईल. पण त्याच पऱ्हाटीवर भूमिहीन मजुराची चूल पेटते. ती टनावारी विकली जाऊ लागली की सिलिंडर न परवडणाऱ्या त्या घरातील बाईने कोठे जावे, याचा विचार कारखान्याच्या अहवालात सापडणार नाही.

म्हणून वऱ्हाडात असा प्रायोगिक प्रकल्प आणायचाच, तर त्याच्या कोनशिलेआधी पऱ्हाटीचा दर जाहीर व्हावा. उसाला रास्त व किफायतशीर भाव कायद्याने ठरतो; पऱ्हाटीचा टनाचा भाव, उपटणीची मजुरी आणि गावासाठी राखून ठेवायचा वाटा यांचा करार ग्रामसभेपुढे वाचला जावा. तोवर तळणतेलापासून आरंभ करावा. ते अमरावती-बडनेऱ्याच्या खानावळींतून गोळा होऊ शकते, आणि त्यासाठी कोणाची चूल विझवावी लागत नाही.