बडा घर, पोकळ वासा

जगांतील सर्वांत उंच इमारत आपल्या गांवीं असावी, या हौसेपायीं मोठमोठे धनिक व त्यांच्यामागून मोठमोठीं राष्ट्रें जी चढाओढ करीत आलीं आहेत, तिचा जमाखर्च कोणीं तरी एकदां मांडावयास पाहिजे. उंच इमारत दिसली कीं मान वर करून तोंडांत बोट घालावें, हा मनुष्यस्वभाव आहे; त्यास आम्ही दूषण देत नाहीं. परंतु ज्यांस वहीखातें ठेवण्याची संवय आहे त्या आमच्या व्यापारी वाचकांनीं तरी शिखर पाहून झाल्यावर पायाकडे नजर टाकावी, आणि हा मनोरा कोणाच्या पैशानें उभा राहिला, कोणाच्या हातांनीं उभा राहिला व कोणाच्या उपयोगी पडला, हे तीन प्रश्न विचारावे.

न्यूयॉर्कची १९२९ सालची हकीकत घ्या. सेव्हरन्स व व्हॅन ॲलन हे दोन वास्तुविशारद पूर्वीं भागीदार होते. पुढें त्यांचें बिनसलें. एकाकडे वॉल स्ट्रीटवरील एका बँकेच्या इमारतीचें काम आलें, दुसऱ्याकडे मोटारींचे कारखानदार क्रायस्लर यांच्या इमारतीचें. सेव्हरन्स यांची इमारत ९२७ फुटांवर थांबली. व्हॅन ॲलन यांनीं एक पोलादी सुळका आपल्या इमारतीच्या पोटांत गुपचूप तयार करविला होता. तो २३ ऑक्टोबर १९२९ रोजीं सुमारें दीड तासांत माथ्यावर चढविण्यांत आला, व ती इमारत १,०४६ फूट भरली. दुसऱ्याच दिवशीं न्यूयॉर्कच्या शेअरबाजारांत घसरगुंडी सुरू झाली! ज्या गृहस्थानें ही बाजी मारून दिली, त्यास आपल्या मेहनतान्यासाठीं मालकाविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागली. आणि जिंकलेला मान तर दोन वर्षेंही टिकला नाहीं. १ मे १९३१ रोजीं १,२५० फूट उंचीची व १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत उघडली गेली. तिच्या माथ्यावर विमाननौका बांधण्याचा खांब उभारला होता. वाऱ्यापुढें तो बेत सोडून द्यावा लागला. मंदीच्या दिवसांत खालच्या कचेऱ्यांस भाडेकरू मिळेनात, व लोक तिला थट्टेनें 'रिकामी इमारत' म्हणूं लागले. मालकांस नफ्याचें तोंड पाहावयास सुमारें वीस वर्षें लागलीं.

हें सर्व अज्ञानामुळें झालें म्हणावें, तर तसेंही नाहीं. क्लार्क व किंग्स्टन या दोघांनीं १९३० सालींच हिशेब छापून ठेवला होता. न्यूयॉर्कच्या भर वस्तींतील, चौरस फुटास २०० डॉलर भावाची जागा धरून त्यांनीं दाखविलें कीं, आठ मजल्यांवर भांडवलास दरसाल दरशेंकडा ४.२२ उत्पन्न सुटेल. मजले वाढवितां वाढवितां ६३ मजल्यांवर तें १०.२५ होईल, आणि तेथून पुढें, ७५ मजल्यांवर, तें १०.०६ वर उतरेल. याचें कारण सोपें आहे. जसजसे मजले चढतात तसतसे खालचे खांब जाड करावे लागतात, वाऱ्याचा रेटा सोसण्यासाठीं पोलाद वाढवावें लागतें, आणि वर जाणाऱ्यांसाठीं उद्वाहकांच्या विहिरी खालच्या प्रत्येक मजल्याची जागा खातात. एका मर्यादेपुढें चढविलेला मजला खालच्या मजल्यांच्या जिवावर जगतो. त्या मर्यादेपर्यंतचें बांधकाम व्यापार होय. पलीकडचें नुसता डामडौल.

या डामडौलाचें मापही आतां निघालें आहे. दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच असून आज जगांत तिची बरोबरी नाहीं. पण उंच इमारतींची मोजदाद ठेवणाऱ्या जागतिक संस्थेनें २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, वापरांत येणाऱ्या शेवटच्या मजल्यावरील २४४ मीटर केवळ शोभेचे आहेत. 'बडा घर, पोकळ वासा' ही आमची म्हण यापरती अक्षरशः कोठें लागू पडेल? हा बुरुज प्रथम दुबईच्या नांवाचा होता. २००९ च्या डिसेंबरांत कर्जानें जेरीस आलेल्या दुबईस अबुधाबीनें १,००० कोटि डॉलरांचा हात दिला, आणि ४ जानेवारी २०१० रोजीं उद्घाटनाचे वेळीं बुरुजास अबुधाबीच्या अधिपतींचें नांव मिळालें!

आतां हातांचा प्रश्न. तो बुरुज ज्यांनीं बांधला ते मजूर बहुतांशीं हिंदुस्थान, पाकिस्तान व बांगलादेश येथील होते. दलालाचे पैसे भरण्यासाठीं घरीं कर्ज काढावें, तिकडे गेल्यावर मालकानें पारपत्र काढून घ्यावें, पगार महिनोगणती अडकून पडावा, ही त्या देशांतील बांधकाम मजुरांची स्थिति 'ह्यूमन राइट्स वॉच' या संस्थेनें २००६ सालीं अहवालांत मांडली. त्याच वर्षीं मार्चमध्यें या बुरुजावरील मजुरांचा असंतोष दंग्यास पोंचला. कुशल सुताराची दिवसाची मजुरी तेव्हां साडेचार ब्रिटिश पौंडांच्याही आंत असल्याचें वृत्त होतें. ज्याच्या खांद्यावरून शिखर चढलें, त्यास पोटापुरती मजुरी मागण्यासाठीं दंगा करावा लागावा, यापेक्षां त्या शिखराची दुसरी निंदा ती कोणती?

यावर दोन आक्षेप येतील. जागा महाग असेल तेथें उंच बांधल्यावांचून गत्यंतर नाहीं, हा पहिला; तो आम्हांस मान्य आहे. तरी मजल्यांची संख्या गरजेनें ठरावी, ईर्षेनें नव्हे. उंच मनोऱ्यामागोमाग मंदी येतेच हें मत अभ्यासकांनीं खोडून काढलें आहे, हा दुसरा. तेंही आम्ही नाकारीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, स्वस्त कर्जाच्या दिवसांत दुसऱ्याच्या पैशावर हौस भागविण्याचा मोह होतो, व तो पैसा परत मागितला जातो तेव्हां मनोरा अर्धा राहतो. जेद्दा येथें एक किलोमीटरहून उंच जाणारा बुरुज २०१३ सालीं सुरू झाला, २०१८ त थांबला, तो २०२५ पर्यंत तसाच उभा होता.

मुंबईसही हें वारें लागलें आहे. श्रीनिवास मिलच्या जागेवरील 'वर्ल्ड वन' हा मनोरा प्रथम ४४२ मीटरांचा योजिला होता. विमानखात्याची संमति न मिळाल्यानें तो सुमारें २८० मीटरांवर थांबला. चीननें तर २०२० सालीं ५०० मीटरांहून उंच बांधकामास बंदी केली, आणि २०२१ सालीं लहान शहरांस याहून कडक मर्यादा घातल्या. चढाओढीचा कडेलोट पाहिलेल्या देशानें घेतलेला हा धडा आमच्या कारभाऱ्यांनींही घ्यावा. परवानगी देतांना कितव्या मजल्यापुढें खर्च उत्पन्नावर मात करतो, याचा हिशेब मागावा व तो प्रसिद्ध करावा. उंची मोजावयाची ती वापरांतील मजल्यापर्यंतच मोजावी. आणि कामावर दगावलेल्या व जायबंदी झालेल्या प्रत्येक मजुराची नोंद लोकांस पाहावयास खुली असावी. एम्पायर स्टेटवर पांच मजूर दगावल्याची नोंद आहे, आणि त्याआधींची क्रायस्लर इमारत एकही बळी न घेतां पुरी झाल्याचें सांगतात. तेव्हां माणसें मरावयाचींच, ही सबब चालावयाची नाहीं.

नगराचा मोठेपणा सर्वांत वरच्या मजल्यावरून ठरत नाहीं. तो मजला चढविणारा गवंडी रात्रीं कोठें निजतो, यावरून तो ठरतो. आणि हें पाहण्यास मान वर करावी लागत नाहीं.