आकृतीत न दिसणारा प्रवाह

सागरतळाची आकृती तुम्ही भूगोलाच्या वहीत काढली असेलच. डावीकडे किनारा, मग समुद्रबूड जमीन, पुढे घसरगुंडीसारखा गुळगुळीत खंडान्त उतार आणि खाली सागरी मैदान. गाळ उतारावरून घसरतो व तळाशी साचतो, एवढेच तीवरून समजते. माझ्या मते ही आकृती अपुरी आहे.

अर्जेंटिनाच्या पूर्वेकडील खंडान्त उतार पाहा. तेथे डोंगरातल्या मजग्यांसारख्या, पण कित्येक किलोमीटर रुंद पायऱ्या आहेत. काही सुमारे 500 मीटर खोलीवर, तर काही थेट 3500 मीटरच्या आसपास. वरून घसरणारा गाळ उतारात उभ्या घळी पाडील, आडव्या पायऱ्या नव्हे. हे काम उताराला समांतर वाहणाऱ्या खोल प्रवाहांचे. अंटार्क्टिकाकडचे थंड पाणी येथे उत्तरेकडे जाते आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे डावीकडे, म्हणजे उताराकडेच, रेटले जाते. 40 अंश अक्षांशावर सेकंदाला 20 सेंटिमीटर वेगाने जाणाऱ्या पाण्याला मिळणारे हे त्वरण गुरुत्वत्वरणाचा जेमतेम पाच लाखावा भाग आहे! (गणित करून पाहा.) पण रेटा अखंड, आणि काळ लाखो वर्षांचा.

पायरी ठरावीक खोलीवरच का? समुद्रात वेगवेगळ्या घनतेच्या पाण्याचे थर एकावर एक असतात. दोन थरांच्या सीमेवरही लाटा उठतात. त्या उतारावर आदळून गाळ ढवळतात, प्रवाह तो वाहून नेतो, आणि त्या पातळीवर सपाटी तयार होते. यात लाटांचा वाटा किती नि प्रवाहाचा किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे.

हे केवळ मातीपुरते नाही. सूक्ष्म प्लॅस्टिकही असे प्रवाह ठरावीक जागी गोळा करतात, हे 2020 साली इटलीजवळच्या टिरेनियन समुद्रात दिसून आले.

अभ्यासक्रम आधीच जड आहे, असे शिक्षक म्हणतील. नवा धडा नकोच. छेदाच्या आकृतीत कागदाला लंब वाहणारे पाणी दिसत नाही, खरी अडचण तेवढीच. भौतिकीत आपण कागदात शिरणारी दिशा वर्तुळातील फुलीने व बाहेर येणारी टिंबाने दाखवतो. जमीन डावीकडे ठेवली, तर अर्जेंटिनाच्या उताराशेजारी फुली येईल. ब्रूस हीझेन आणि सहकाऱ्यांनी 1966 साली ज्याविषयी लिहिले, तो उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापुढचा खोल प्रवाह दक्षिणेकडे जातो, तेथे टिंब. तेथेही पाणी उताराकडेच का रेटले जाते, हे मुलांनाच विचारावे.