वाळूतला कंठेरी चिखल्या

टिटवी ओळखत नाही असा शेतकरी विरळा. पण तिच्याच कुळातला एक चिमुकला पक्षी आपल्या पायांजवळून धावत जातो आणि आपल्या ध्यानातही येत नाही. त्याचे नाव छोटा कंठेरी चिखल्या. बोरगाव मेघेच्या मंडळींनी उन्हाळ्याच्या तोंडी पवनारकडे धाम नदीवर जावे. पाणी ओसरून वाळू-गोटे उघडे पडले की तशा जागी त्याला शोधावे.

ओळखायचा कसा? अंगाने चिमणीपेक्षा किंचित मोठा. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरे, गळ्यात काळा पट्टा. या कंठीवरूनच त्याला नाव मिळाले. डोळ्याभोवती हळदीसारखे पिवळे कडे असते, ही मुख्य खूण. तुरुतुरु धावतो, एकदम थांबतो, वाकून किडा टिपतो आणि पुन्हा धावतो. शेपूट सारखी वरखाली करणारा दिसला तर तो तुतवार. गळ्याचा पट्टा समोर तुटका आणि पाय काळपट असतील तर तो केंटिश चिखल्या. पिल्लाचा पट्टा तपकिरी असतो, म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

येथे फोटो उपयोगी पडतो. आता घरोघरी मोबाईल आहेत. सकाळी ऊन पाठीशी घेऊन काठावर खाली बसा. पक्ष्याच्या मागे धावू नका. हालचाल न करता बसलात तर तोच चरत जवळ येईल. दुर्बीण असल्यास तिच्या काचेला मोबाईलचा डोळा लावून पाहा. एक फोटो बाजूने, एक समोरून आणि एक पाय दिसतील असा घ्या. तारीख व जागा वहीत लिहा. मग सलीम अलींच्या किंवा मारुती चितमपल्लींच्या पुस्तकाशी ताडून पाहा.

मात्र मार्च ते मे जपून राहा. याचे घरटे म्हणजे वाळूतला नुसता खळगा. त्यात बहुधा चार अंडी, हुबेहूब ठिपक्यांच्या खड्यांसारखी. पक्षी पंख ओढत, लंगडत पुढे जाऊ लागला तर तो जखमी नव्हे. तुम्हाला अंड्यांपासून दूर नेतो आहे. फोटोच्या हावेने मी एकदा भर उन्हात अशा जोडीजवळ अर्धा तास बसलो. तेवढा वेळ अंडी उघडी तापत राहिली. फोटो छान आला, पण घरी कुणाला दाखवावासा वाटला नाही.

तेव्हा पक्षी लंगडताना दिसला की आल्या पावली मागे फिरा. घरट्याचा फोटो घेऊ नका, जागाही चारचौघांत सांगू नका. डांगरवाडीवाल्यांनी व वाळूत गाडी, ट्रॅक्टर घालणाऱ्यांनी तेवढा गोट्यांचा तुकडा महिनाभर सोडावा. सुमारे साडेतीन आठवड्यांत अंडी फुटतात आणि पिल्ले लवकरच स्वतःच्या पायांनी धावू लागतात. त्या वेळी मुलांना घेऊन जा, आणि लांबूनच दाखवा.