ड्रोन विकत आणू नका, बांधायला शिकवा

हौशी ड्रोनचा मेंदू आज आगपेटीहून लहान पाटीवर मावतो. या फ्लाइट कंट्रोलरवरचा जायरो यंत्र किती वेगाने कलतंय हे सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि त्यानुसार प्रत्येक मोटरचा वेग बदलत राहतो. सुरुवातीच्या ‘मल्टीवी’ प्रकल्पात हेच काम निन्टेंडोच्या वी या गेमिंग यंत्राच्या जोडउपकरणातून काढलेल्या सेन्सरवर चाले. त्याच वंशातलं ‘बीटाफ्लाइट’ आजही मोफत आणि खुलं आहे.

फ्रेमही बदलली. आपटून एक हात मोडला, तर दोन-चार स्क्रू काढून तेवढाच बदलता येतो. पण फ्रेमच्या कार्बन फायबरमधून वीज वाहते! वायरचं आवरण फ्रेमच्या धारेवर घासून निघालं, की शॉर्टसर्किट झालंच म्हणून समजा. म्हणून जाणकार आधी धारा घासून घेतात, मग वायरी ओढतात. पाटीखाली रबरी बुशिंग बसवतात, नाहीतर मोटरींची थरथर जायरोपर्यंत पोहोचते. हे शिक्षण तयार खोक्यातून मिळत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये केंद्राने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. सुट्या भागांची वाट मात्र मोकळी ठेवली. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवानाही लागत नाही.

तरीही अनेक शाळा प्रदर्शनापुरतं तयार यंत्रच उडवतात. मुख्याध्यापकांनी या वर्षी तो खर्च सोल्डरिंग गन, सुट्या फ्रेम आणि कंट्रोलरवर करावा.