डबा मोठा करा, नाव कापू नका!

मंडळी, वर्ध्यात कुणी म्हणालं, "मी महात्मा गांधी…मध्ये आहे", तर तुम्ही काय समजाल? सेवाग्रामचं १९६९ सालचं मेडिकल कॉलेज? १९९७ सालचं हिंदी विश्वविद्यालय? की मगनवाडीतली ग्रामीण औद्योगिकीकरणाची संस्था? तिन्हींची सुरुवात 'महात्मा गांधी'नेच होते. बोलताना असं अर्धवट कुणी सोडत नाही. वेब पेजवर मात्र आपण सर्रास सोडतो.

नाव डब्यात मावलं नाही की आपला तीन ओळींचा मंत्र तयार. व्हाइट-स्पेस नोरॅप, ओव्हरफ्लो हिडन, टेक्स्ट-ओव्हरफ्लो एलिप्सिस. झालं! सगळं एका ओळीत, शेवटी तीन टिंबं, डिझायनर खूश. पण ही कात्री शेवटावर चालते, आणि आपल्याकडे खरी ओळख बरेचदा शेवटीच असते.

वर्धा जिल्ह्यातले तालुकेच घ्या ना. इथे कारंजा (घाडगे), तर वाशीम जिल्ह्यात कारंजा (लाड). इथली आष्टी (शहीद), तर दुसरी आष्टी बीड जिल्ह्यात. कंस उडाला की कुठल्या गावावर क्लिक करतोय हे कळणार कसं? आणि आष्टीला 'शहीद' हा शब्द १९४२च्या हुतात्म्यांमुळे लागलाय. नेमका तोच आपण जागा नाही म्हणून कापायचा?

गंमत म्हणजे सीएसएस मुळात असं नाहीये. ओव्हरफ्लोची डीफॉल्ट व्हॅल्यू आहे 'व्हिजिबल'. मजकूर डब्याबाहेर सांडेल, वाईट दिसेल, पण हरवणार नाही. चूक दिसली की कुणीतरी बोंब मारतं आणि ती दुरुस्त होते. 'हिडन'मध्ये चूकच झाकली जाते.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. हाइटऐवजी मिन-हाइट द्या. नोरॅप काढा, येऊ दे की दुसरी ओळ! लांबलचक शब्दाला ओव्हरफ्लो-रॅप ब्रेक-वर्ड, रुंद टेबलला ओव्हरफ्लो ऑटो. लाइन-हाइट जरा सैल ठेवा, नाहीतर 'हिडन' आपले रफार आणि उकारसुद्धा खातं. माउस नेला की पूर्ण नाव दिसतं म्हणाल, तर मोबाइलवर माउस कुठून आणायचा? :)

कापायचाच असेल तर बातमीचा सारांश कापा, तिथे 'पुढे वाचा' असतं. गावाच्या आणि माणसाच्या नावाला ती सोय नाही.

तेव्हा टेस्टिंगला नुसतं 'पुणे' टाकून पास करू नका. एकदा 'कारंजा (घाडगे)' टाकून बघा.